पंडिता रमाबाई : १९ महिन्यांचा संसार आणि त्यानंतरची ४० वर्षे

मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेसाठी एखाद्या थोर स्त्रीचे चरित्र लिहून द्यावे, असे कार्यकारिणीने सुचविले. आपण जिजाऊंच्या तालुक्यातल्या बायका. तेव्हा पहिले नाव कोणते सुचणार, हे सांगायला नको. परंतु जिजाऊंवर दरवर्षी कोणी ना कोणी लिहितेच. यंदा माझ्या मनात दुसरेच नाव आले, आणि त्याला कारण झाली संक्रांतीच्या हळदीकुंकवाला निघालेली एक गोष्ट.

आपल्यापैकीच एका भगिनीची भाची पुण्याला नोकरी करते. तिने बरोबर काम करणाऱ्या एका तेलुगू भाषिक मुलाशी लग्न करण्याचा बेत घरी सांगितला, आणि घरात अबोला सुरू झाला. वाणे लुटता लुटता त्या गोष्टीला तोंड फुटले आणि तिथल्या तिथे दोन तट पडले. मुलगा निर्व्यसनी आहे, मिळवता आहे, मग भाषेचे एवढे काय, असे काहींचे म्हणणे पडले. इतरांनी विचारले, की उद्या काही बरेवाईट झाले तर त्या परमुलखात तिचे कोण? हा दुसरा प्रश्न मला रात्रभर सलत राहिला. तो दुष्टाव्याने विचारलेला नव्हता. लेकीच्या काळजीने विचारलेला होता. आणि सुमारे १४० वर्षांपूर्वी एका मराठी स्त्रीच्या आयुष्यात तो अक्षरशः उभा ठाकला होता, याचे मला स्मरण झाले. ती स्त्री म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाईंची गोष्ट सांगायची तर आधी त्यांच्या आईच्या लग्नाची सांगितली पाहिजे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कर्नाटकात स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यातले, पुण्यास राहून संस्कृत शिकलेले विद्वान गृहस्थ. प्रथम पत्नी वारलेली. वय ४४ वर्षांचे. तीर्थयात्रेहून परतताना गोदावरीकाठी एका गावी मुक्काम पडला असता, नदीवर स्नानाला आलेल्या दुसऱ्या एका यात्रेकरूने त्यांना पाहिले. कूळ, गोत्र विचारून घेतले. जमण्यासारखे आहे असे दिसताच आपली ९ वर्षांची मुलगी देऊ केली. दुसऱ्या दिवशी लग्न लागले, मुलीचे आईबाप आपल्या वाटेने यात्रेला निघून गेले, आणि ती अजाण पोर एका सर्वस्वी परक्या मनुष्याबरोबर शेकडो मैल दूर, कानडी मुलखात गेली. तीच रमाबाईंची आई, लक्ष्मीबाई.

येथे क्षणभर थांबून विचार करावा. मुलगी दूरदेशी गेली, परभाषेच्या मुलखात गेली, तिकडे तिचे कोणी नव्हते. पण या लग्नाला त्या काळी कोणीही नाव ठेवले नाही. उलट, कन्यादानाचे पुण्य घडले म्हणून आईबाप निश्चिंत झाले. मुलीला मात्र कोणी काही विचारले नव्हते.

सुदैवाने नवरा भला निघाला. अनंतशास्त्र्यांनी बायकोला संस्कृत शिकवायला घेतले. आप्तांनी विरोध केला, ब्राह्मणांनी जाब विचारला, तेव्हा स्त्रियांना संस्कृत शिकवणे शास्त्राविरुद्ध नाही, हे त्यांनी उडुपीच्या पंडितसभेपुढे ग्रंथाधारे मांडले. पण घरातला त्रास संपेना, म्हणून बायकोला घेऊन ते सह्याद्रीच्या रानात गंगामूळ येथे आश्रम बांधून राहिले. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी रमाबाईंचा जन्म झाला. विद्यार्थी आणि अतिथी यांच्या सरबराईत घरचे सारे द्रव्य खर्ची पडले. रमा सहा महिन्यांची असताना कुटुंबाने आश्रम सोडला. वेताच्या पेटाऱ्यात घालून तिला डोंगरावरून खाली आणले. तेथून या मुलीची भ्रमंती सुरू झाली ती पुढे वीसबावीस वर्षे चालली.

देवळात, घाटावर, तीर्थाच्या ठिकाणी पुराण सांगावे, श्रोत्यांनी टाकलेल्या धान्यापैशावर गुजराण करावी आणि पुढच्या क्षेत्राची वाट धरावी, असा या कुटुंबाचा क्रम होता. रमेला आईने शिकविले. पहाटे, इतर कामे सुरू होण्यापूर्वी, मांडीवर घेऊन आई श्लोक म्हणून घेई. भागवताचे हजारो श्लोक मुलीच्या मुखोद्गत झाले. थोरल्या बहिणीचे लग्न रूढीप्रमाणे लहानपणी करून दिले होते, ते दुःखाचे ठरले. तो चटका बसल्यामुळे धाकटीच्या लग्नाची घाई वडिलांनी केली नाही. ब्राह्मणाची मुलगी १६ वर्षांची होऊनही अविवाहित, ही त्या काळी केवढी निंदेची गोष्ट होती!

पुढे मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. पुराण ऐकायला कोण येणार आणि धान्य कोण टाकणार? १८७४ साली काही आठवड्यांच्या अंतराने आधी वडील आणि मग आई, दोघेही उपासमारीने खंगून गेली. आईला स्मशानात न्यायला चार माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे आले. तिसरा भाऊ श्रीनिवास आणि चौथी रमाबाई. उंचीने ठेंगणी असल्यामुळे तिरडीचे टोक तिला खांद्यावर घेता येईना, म्हणून ते डोक्यावर घेऊन ती चालली. मागाहून थोरली बहीणही गेली. उरली ती दोघे भावंडे.

या भावंडांनी हजारो मैल पायी तुडवीत काश्मीरपर्यंत प्रवास केला आणि १८७८ साली ती कलकत्त्यास पोचली. वीस वर्षांची मराठी मुलगी संस्कृतात अस्खलित बोलते हे पाहून तेथील विद्वान थक्क झाले. त्यांनी तिची परीक्षा घेतली आणि पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. बंगालमध्ये गावोगावी तिची व्याख्याने होऊ लागली. पडद्यातल्या बायकांना त्यांचा धर्म सांगावा, म्हणून धर्मशास्त्राचे ग्रंथ तिच्या हाती देण्यात आले. ते बारकाईने वाचताना तिला दिसले, की ग्रंथकारांत इतर बाबतींत कितीही मतभेद असोत, स्त्रिया आणि शूद्र यांना खाली ठेवण्याच्या बाबतीत बहुतेकांचे एकमत आहे. तिची श्रद्धा येथेच डळमळली.

मे १८८० मध्ये ढाक्यास भाऊ आजारी पडून वारला. आजारपणातही त्याला एकच काळजी होती, की आपल्यामागे बहिणीचे कसे होणार. आता तिला आई नाही, बाप नाही, भाऊ नाही, घर नाही, गावही नाही. अशा स्थितीत तिने आपला जोडीदार आपणच निवडला. बाबू बिपिन बिहारी दास मेधावी हे भावाच्या परिचयातले गृहस्थ. कलकत्ता विद्यापीठाचे एम.ए., बी.एल., धंद्याने वकील, विचाराने ब्राह्मो पंथाकडे झुकलेले. ते बंगाली, ही मराठी. ते कायस्थ, म्हणजे त्या वेळच्या शास्त्राच्या हिशेबाने शूद्र, ही ब्राह्मण. जात, प्रांत, मातृभाषा, काही म्हणजे काही जुळत नव्हते.

असे लग्न लावायचे तरी कसे? पुरोहित लावणार नाही, आणि लावले तरी कायद्यापुढे टिकणार नाही. १८७२ साली सरकारने नोंदणी विवाहाचा एक कायदा केला होता. परंतु त्यात अट अशी होती, की आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी, बौद्ध, शीख, जैन यांपैकी कोणत्याही धर्माचे नाही, असे वधूवरांनी लिहून द्यावे. आपल्या आवडीच्या माणसाशी लग्न करण्याची किंमत म्हणजे आईबापांचा धर्म नाकारणे! ज्यांची श्रद्धा शाबूत होती त्यांना हे किती जड गेले असेल, याची कल्पना करावी. रमाबाई आणि बिपिनबाबू या दोघांचाही प्रचलित धर्मावरील विश्वास उडालेला होता, म्हणून त्यांनी ते लिहून दिले. १८८० साली पाटण्याजवळ बांकीपूर येथे त्यांचे लग्न नोंदले गेले. ज्या सनातनी मंडळींनी पंडिता म्हणून गौरव केला होता, त्यांतल्या अनेकांचा आता रोष झाला.

बिपिनबाबूंची वकिली आसामात, कछार जिल्ह्यातील सिलचर येथे चालत असे. तेथे त्यांचा संसार सुरू झाला. जन्मापासून धर्मशाळा आणि देवळांच्या ओसऱ्या पाहिलेल्या रमाबाईंना प्रथमच स्वतःचे घर मिळाले. बंगाली त्यांना येतच होती, नवऱ्याच्या पुस्तकांच्या संग्रहामुळे वाचन वाढले. १६ एप्रिल १८८१ रोजी मुलगी झाली. तिचे नाव ठेविले मनोरमा. मुलगी झाली म्हणून तोंडे पाडण्याच्या त्या काळात या दांपत्याने लेकीला मनाचा आनंद असे नाव दिले, यातच सर्व आले.

या संसारात मतभेद नव्हते असे नाही. नवऱ्याच्या संग्रहात रमाबाईंना बंगाली शुभवर्तमानाचे एक छोटे पुस्तक सापडले, आणि एका मिशनऱ्याच्या भेटीगाठींतून त्या धर्माविषयी त्यांना ओढ वाटू लागली. बिपिनबाबूंना ही गोष्ट मुळीच रुचली नाही. प्रेमविवाह झाला म्हणजे दोघांची मते एकच होतात, असे कोणी समजू नये. पण एकमेकांशी वाद घालण्याइतकी बरोबरी त्या घरात होती. लक्ष्मीबाईंच्या लग्नातला मुहूर्त आठवला म्हणजे आई आणि लेक यांच्यामधले अंतर ध्यानात येते.

आणि मग तेच झाले, ज्याची आपल्या भगिनींना हळदीकुंकवाच्या दिवशी भीती वाटली. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी बिपिनबाबू पटकीने वारले. संसार झाला तो अवघा १९ महिन्यांचा. रमाबाई २३ वर्षांच्या, मांडीवर दहा महिन्यांची पोर, गाव आसामातले. माहेर तर काळानेच पुसून टाकलेले, आणि जातीबाहेर लग्न केल्यामुळे पाठीशी उभे राहील असे सासरही नाही. आता त्यांचे कोण?

मराठी मुलखातील सुधारक मंडळींना त्यांची कीर्ती ठाऊक होती. न्यायमूर्ती रानडे, डॉक्टर भांडारकर यांच्यासारखी माणसे पुण्यात होती. त्याच वर्षी मनोरमेला घेऊन रमाबाई पुण्यास आल्या. आपला म्हणावा असा हा प्रांत, पण त्यांचे बालपणही येथे गेलेले नव्हते. येथे त्यांना काही बायकांनी जवळ केले, तर काहींनी परजातीत, परप्रांतात लग्न केलेली विधवा म्हणून नाके मुरडली. रमाबाई रडत बसल्या नाहीत. १८८२ सालीच त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला आणि स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले. बायकांनी बायकांसाठी एकत्र बसावे, वाचावे, बोलावे, हा प्रकार तेव्हा नवा होता. रमाबाई रानडे या तेथे येणाऱ्या तरुण स्त्रियांपैकी एक. आज गावोगावी जी महिला मंडळे आहेत, आपलेही त्यांत आले, त्यांची ही पणजी म्हणावयास हरकत नाही. हंटर आयोगापुढे साक्ष देताना मुलींसाठी स्त्री शिक्षिका आणि बायकांसाठी स्त्री डॉक्टर तयार करा, अशी मागणी त्यांनी केली.

पुढचा जीवनक्रम पुष्कळांना माहीत आहे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या; तेथे मुलीसह त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात संस्कृत शिकविले. धर्मांतरामुळे महाराष्ट्रात मोठे काहूर उठले, आणि आजही त्याविषयी मते निरनिराळी आहेत. धर्म बदलला, तरी शाकाहार आणि हिंदी पद्धतीचा साधा वेष त्यांनी सोडला नाही. आणि तेथील धर्मगुरूंनी सांगितलेले मुकाट्याने मान्य करण्याची त्यांची वृत्तीही नव्हती. १८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेत फिलाडेल्फियाला गेल्या. तेथे १८८७ साली उच्चवर्णीय हिंदू स्त्रियांच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. आपल्या आईच्या लग्नाची ती गोदाकाठची हकीकत, नाव न घेता, त्यांनी त्यात सांगितली आहे. या पुस्तकाने आणि व्याख्यानांनी अमेरिकेत साहाय्यक मंडळ उभे राहिले आणि दहा वर्षे मदत देण्याचे ठरले.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदा सदन उघडले. विधवांसाठी घर आणि शाळा. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई नावाची कोकणातली बालविधवा पुढे १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह करून आनंदीबाई कर्वे झाली. सदनात मुलींना आपला धर्म आणि आपला स्वयंपाक पाळण्याची मोकळीक होती; परंतु मुली ख्रिस्ती प्रार्थनेला जाऊन बसतात, असा बोभाटा होऊन १८९३ साली सल्लागार मंडळाने राजीनामा दिला आणि अनेकांनी मुली काढून नेल्या. त्या वेळी ज्यांची मने दुखावली, त्यांनाही दोष देता येत नाही. पण ज्यांना नेणारे कोणी नव्हते, त्या मुली रमाबाईंपाशीच राहिल्या.

१८९६ साली आपल्या वऱ्हाडाशेजारच्या मध्य प्रांतात भयंकर दुष्काळ पडला. आपल्या आईबापांचे हाल ज्यांनी पाहिले होते, त्या रमाबाईंना पुण्यात बसवेना. त्या स्वतः तेथे गेल्या आणि सुमारे ३०० अनाथ मुली व बायका घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यात केडगाव येथे माळरानाची १०० एकर जमीन होती, तेथे मुक्ती सदन उभे राहिले. १९०० सालच्या गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, गुरे, विणकाम, छापखाना, सर्व कामे बायका करीत. कोणत्या जातीची, कोणत्या प्रांताची, कोणती भाषा बोलणारी, हे दारात विचारले जात नसे. मराठी, हिंदी, गुजराती बोलणाऱ्या मुली एका पंगतीला बसत.

मनोरमा मेधावी हीच आईचा उजवा हात झाली. बापाचे बंगाली आडनाव तिने शेवटपर्यंत लावले. ती बी.ए. झाली, शारदा सदनाचे काम तिने पाहिले, आंधळ्या मुलींना वाचायला शिकविले. २४ जुलै १९२१ रोजी ती आईच्या आधी गेली. रमाबाईंनी बायबलाचे मराठी भाषांतर पुरे करीत आणले आणि ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावी देह ठेविला. वैधव्याची ४० वर्षे त्यांनी अशी काढली. १९८९ साली भारत सरकारने त्यांच्या स्मरणार्थ टपालाचे तिकीट काढले. केडगावची संस्था आजही चालू आहे.

त्यांच्या लग्नातली ती कायद्याची अट पुढे हळूहळू गेली. १८९८ साली सरोजिनी चट्टोपाध्याय या बंगाली मुलीने डॉक्टर गोविंदराजुलू नायडू यांच्याशी, म्हणजे तेलुगू वराशी, लग्न केले, ते याच १८७२ च्या कायद्याने. १९२३ साली हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने हिंदू, बौद्ध, शीख, जैनांना धर्म न नाकारता असे लग्न करता येऊ लागले. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने ती मुभा सर्वांनाच दिली. मुलगा २१ वर्षांचा, मुलगी १८ वर्षांची, ३० दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार, एवढ्यावर आज काम होते. विधवेच्या आणि मुलीच्या वारसाहक्कालाही आता कायद्याचा आधार आहे.

पण कायदा कागदावर साथ देतो. रात्री पोर तापाने फणफणले असता शेजारून उठून येणारे माणूस कायदा देत नाही. ते मिळाले नाही म्हणून रमाबाईंना सिलचर सोडावे लागले, आणि म्हणूनच पुढे त्यांनी जे काही उभारले, त्याला दार, चूल आणि अंथरूण ही तीन आधी होती. हे मी माझ्या समजुतीने सांगते.

भगिनींनो, त्या भाचीचे काय ठरले ते मी येथे लिहीत नाही. तो तिच्या घरचा प्रश्न आहे. तिला मात्र लक्ष्मीबाईंसारखे न विचारता कोणी पाठविणार नाही, ही गोष्ट लहान नव्हे. राहता राहिला तिकडे तिचे कोण, हा प्रश्न. तो मला आता थोडा उलटा करून विचारावासा वाटतो. उद्या आपल्याच साखरखेर्ड्यात कोणाच्या घरी तेलुगू, बंगाली किंवा हिंदी बोलणारी सून आली, तर इकडे तिचे कोण? तिला मराठी येत नाही म्हणून आपण हसू, की तिला भाकरी थापायला शिकवू आणि तिच्याकडची आमटी शिकून घेऊ? मंडळाच्या पुढील वर्षाच्या कार्यक्रमात, अशी जी कोणी बाहेरून आलेली असेल तिला पहिल्याच सणाला घरी जाऊन बोलावून आणण्याचे काम घालावे, अशी माझी कार्यकारिणीला नम्र विनंती आहे. हे काम करायला मी माझे नाव आधी देते.